आधी आपलं नाक

आमच्या घरी चहाला आलं की आधी आपलं नाक खायचं, असा नियम होता. हसू नका, खरंच होता.

आमचे हे पत्र्याचं काम करायचे. नरसाळी, धुराडी, लोक सांगतील ते. उरलेल्या पट्ट्या घरी आणायचे, आणि येणाऱ्या माणसाला एका बाजूने नीट निरखून पकडीने पट्टीत त्याचा चेहरा वाकवायचे. झाला बिस्किटाचा साचा! शिंपीदादांचं लांबलचक नाक, हेडबाईंचा अंबाडा, लॉण्ड्रीवाल्याच्या मिशा, माझ्या नणंदेची पुढे आलेली हनुवटी. माझा साचा तर मुद्दाम तोंड उघडं ठेवून केला होता. म्हणे, बंद असताना कधी पाहिलंच नाही.

पुढचं काम माझं. लोणी आणि पिठीसाखर हाताने फेसायची, मैदा मिसळून गोळा गार करायला ठेवायचा, मग लाटून साचे दाबायचे. प्रत्येकाला त्याचं त्याचं काहीतरी करायचं. हेडबाईंना साखरेचा चष्मा, शिंपीदादांच्या कानामागे साखरेचाच खडू, लॉण्ड्रीवाल्याच्या मिशांना कोको. त्याच्या मिशा पिकल्या तेव्हा मी कोको बंद करून पांढरी साखर लावली, तर गडी आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बशीतला चेहरा बघून आपली जागा ओळखायची, आपलंच नाक कडकन तोडून खायचं, आणि मगच चहा. नाक तोडताना एकेकाचं तोंड असं काही व्हायचं की हसून हसून पुरेवाट. यांचा स्वतःचा साचा तेवढा नव्हता. "मला माझी बाजू दिसते कुठे?" म्हणायचे.

हे गेले आणि चहा बंद पडला.

पोरगा दर खेपेला येऊन एकच टुमणं लावायचा. "आई, माझ्याकडे चल. एकटी काय करणार इथे?"

"एकटी कशी? माझ्याकडे माणसं येतात."

"यायची. आता कोण येतं?"

खरं बोलला, म्हणून जास्त झोंबलं. मी म्हटलं, "या रविवारी बघच तू!"

तोही हट्टी, माझाच ना. म्हणाला, "ठरलं. पूर्वीसारखा चहा झाला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाला तर घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे."

मला घर सोडायचं नव्हतं. पोरगा चांगला आहे, सून तर गुणाचीच आहे. पण तिथे मी कुणाची तरी आई म्हणून सोफ्यावर बसणार, आणि लोक अदबीने विचारणार, तब्येत कशी आहे. इथे माझ्या टेबलाशी माणसं एकमेकांची टर उडवतात, मीही उडवते, आणि मला जिवंत असल्यासारखं वाटतं. तेवढंच उरलं होतं माझं, आणि ते मला हवं होतं.

रविवारी सकाळीच कणीक... छे, मैदा मळायला घेतला. आमच्या ओव्हनचा मागचा कोपरा माझ्यासारखाच तापट, म्हणून ट्रे मध्येच फिरवावा लागतो. तो फिरवला. एकही चेहरा करपला नाही. चष्मा, खडू, मिशा, सगळं जिथल्या तिथे. नणंदेला या खेपेला बेदाण्यांचे कानातले घातले. टेबलावर धुतलेली चादर अंथरली, बशा मांडल्या, आणि पोराकडे असं बघितलं की आता बोल.

पोरगा आत चहाचं बघायला गेला आणि माणसं आली. सगळी आली, कुणी टाळलं नाही. पण कशी आली? एरवी शिंपीदादा दारातूनच ओरडायचे, "वहिनी, माझं नाक शिजलं का?" आज दार हळूच ढकलून, चपला हातभर लांब काढून आत आले. हेडबाई कुजबुजत बोलत होत्या. त्या बाईंचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जातो हो! मी म्हटलं, "कुणी झोपलंय का घरात? मोठ्याने बोला की!"

सगळे जागेवर बसले आणि बशीत बघत राहिले.

"अहो, सुरू करा. नियम विसरलात?"

शिंपीदादांनी आपलं बिस्किट अलगद उचललं, उजेडात धरलं. "वहिनी, हे मी खाणार नाही. त्यांच्या हातचं आहे."

"डोंबल त्यांच्या हातचं! सकाळपासून माझं कंबरडं मोडलंय."

"पण नाक त्यांनी केलंय," असं म्हणून त्यांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला, बिस्किट त्यात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

झालं. एकाचं बघून दुसऱ्याने. लॉण्ड्रीवाल्याने कागदी रुमाल मागितला. हेडबाई म्हणाल्या, "एखादा डबा आहे का हो? पर्समध्ये मोडेल." आणि मी मूर्ख, उठून डबा दिला! काय करणार, प्रेमानेच मागत होत्या. यांचा फोटो असा कुणाकडे नव्हता, म्हणून प्रत्येकजण आपलाच चेहरा यांची आठवण म्हणून नेत होता. मला कळत होतं ते. म्हणून तर कुणावर नीट चिडताही येईना.

तरी म्हटलं, "अहो, बिस्किट आहे ते. चार दिवसांत मऊ पडेल."

"पडू दे," लॉण्ड्रीवाला म्हणाला.

मग मी शेवटचा उपाय केला. माझं बिस्किट उचललं, सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि माझं नाक कडकन तोडून तोंडात टाकलं. डोळे फिरवले, तोंड वाकडं केलं, जेवढा चावटपणा येतो तेवढा केला. पूर्वी यावर सगळे टेबल बडवायचे. आज नणंद हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "वन्सं, अहो वन्सं," म्हणत राहिले, आणि तोंडातला तुकडा तसाच राहिला.

चहा गार झाला. जाताना प्रत्येकाने माझा हात हातात घेतला. "काही लागलं तर सांगा," म्हणाले. नेहमी म्हणायचे, "पुढच्या रविवारी येतो." आज ते कुणी म्हणालं नाही.

पोरगा आत्याला गाडीने सोडायला गेला होता, म्हणजे माझ्या नणंदेला. तोवर तो आत चहाशीच होता, आणि तिचं रडणं ऐकून आला तो तिला सावरत थेट बाहेरच घेऊन गेला, त्यामुळे त्याला काही धड दिसलं नव्हतं. परत आला तेव्हा मी बशा गोळा करत होते. त्याने टेबलावर नजर फिरवली आणि त्याचा चेहरा खुलला.

"तुझं सोडून एकही उरलं नाही? सगळ्यांनी फस्त केलं? आई, मानलं तुला! हरलो मी. राहा तू इथेच."

मी बशा खाली ठेवल्या. "माझी बॅग माळ्यावर आहे. काढ."

"का? अगं, सगळं तर खाल्लं त्यांनी."

"कुणी तुकडासुद्धा मोडला नाही रे," मी म्हटलं. "जपून घरी नेलं सगळ्यांनी."

त्याला कळेना. आणि मला दिवसभर अडवून धरलेलं रडू फुटलं, मोठ्याने, लहान पोरीसारखं. पोरगा मला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा सांगत होता, "आई, रडू नकोस ना, तू जिंकलीस. अगं, खरंच जिंकलीस तू."