हसू आलं की बटण दाबा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. भाषेचा अभ्यास करणाऱ्या एका सरांच्या कपाटावर, मोडक्या पंख्याशेजारी माझा मुक्काम असतो. पंख्याची निदान उन्हाळ्यात तरी कुणाला आठवण होते.

मी नवा होतो तेव्हा सर मला कडेवर घेऊन हिंडायचे. "पोरांना कधी असं घेतलं नाहीत," असं त्यांची बायको म्हणायची. आम्ही दर आठवड्याला दोन म्हाताऱ्या बहिणींच्या घरी जायचो. लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून या दोघींनी आपली एक भाषा बनवली होती, आणि केस पांढरे झाले तरी त्या तीच बोलत होत्या. ती भाषा कशी बदलत गेली, हे सरांना शोधायचं होतं.

'टिमुळू' हा त्यांचा लाडका शब्द. आधी त्याचा अर्थ होता 'रडू नकोस'. शाळेत गेल्यावर तो 'डबा खाल्लास का' असा झाला. म्हातारपणी झिजून झिजून उरला 'आहेस ना गं?' धाकटी स्वयंपाकघरातून विचारायची, "टिमुळू?" आणि बाहेर थोरली खदखदून हसायची.

सर कॅसेट पुरवून वापरणारे. "हसणं म्हणजे काही भाषा नव्हे," असं म्हणत, कुणी हसलं की ते माझं बटण दाबून मला थांबवायचे. खट्.

वर्षभरात ही भाषा फारच संथ झाल्याचं सरांना आढळलं. त्यांनी त्यावर लांबलचक निबंध लिहिला, गळ्यात हारही पडला. थोरली म्हणाली, "अहो सर, तुम्हाला पटकन कळत नाही, म्हणून आम्ही हळू बोलतोय." दोघी हसल्या. खट्.

एकदाच माझं बटण अडकलं, आणि थोरलीचं हसू अख्खं टेपवर उतरलं. "बिघडलं हे धूड," सर म्हणाले. त्यांनी नवा टेपरेकॉर्डर आणला आणि मी कपाटावर गेलो. अंगावर धूळ साचली. पोटातला बेल्ट सैल पडला.

परवा धाकटी आली. एकटीच.

"ताई गेली, सर. घरात बोलायला कुणी नाही. तुमच्याकडे तिचा आवाज आहे ना?"

तो नवा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. सरांनी मलाच खाली काढलं आणि कॅसेट लावली. "टिमुळू?" टेपमधल्या धाकटीनं विचारलं. खट्. पुढचं वाक्य. परत खट्.

"यात ताई कुठाय?"

"हे काय, सगळे शब्द तिचेच आहेत."

"शब्द राहू द्या हो. टिमुळूचं उत्तर कुठाय?"

'टिमुळू'ला उत्तर द्यायची पद्धतच या भाषेत नाही, असं सरांनी निबंधात लिहून ठेवलं होतं.

शेवटी ती बटण अडकलेली कॅसेट निघाली. "टिमुळू?" आणि थोरली हसली. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"परत लावा."

थोरली परत हसली. तिसऱ्यांदा मात्र माझा सैल बेल्ट घसरला आणि मी फीत चावली. सरांनी ओढून काढली, तर ते हसू तपकिरी गुंतवळ होऊन त्यांच्या हातात आलं.

धाकटी रागावली नाही. ती फीत बोटाला गुंडाळत राहिली आणि मला की सरांना कोण जाणे, हळूच म्हणाली, "टिमुळू?"

सरांना अर्थ पाठ होता. हसता मात्र येईना.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून पुसत जा, बेल्ट बदलत जा. आणि कुणाचं बोलणं जपून ठेवायला बसलात, तर ते माणूस हसत असताना बोट बटणापासून लांब ठेवा.