केशरबाईंच्या तपासाचा डबा

सन १९६१. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझी गोष्ट त्या वर्षाची आहे. तेलाचं रिकामं पिंप कापून अकोल्याच्या एका कारागिराने मला घडवलं. माझ्या भावंडांच्या नशिबी पापड-शेवया आल्या. मला अमरावतीच्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या रेक्टर केशरबाईंनी घेतलं, आणि माझ्यात आल्या चिठ्ठ्या.

दर रविवारी दुपारी केशरबाई मुलींसोबत तपासाचा खेळ मांडत. एखाद्या न घडलेल्या चोरीची हकिकत त्या सांगत. मुलींपैकी कोणी फौजदार होई, कोणी डॉक्टर. आपण कुठे जातो, काय पाहतो, कोणाला काय विचारतो, ते प्रत्येकीने सांगायचं. मग बाई माझ्यातून खुणेची चिठ्ठी काढून देत. महत्त्वाची खूण त्या तीन ठिकाणी लिहून ठेवत, एक हुकली तरी तपास अडू नये म्हणून.

तरी अडायचाच. सुटायचा तो बहुधा जमुनामुळे. तिचे वडील बुधाजी तेल्हारा गावाकडे मजुरी करत. घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला पाच वर्षं झाली होती. जमुना फार बोलत नसे, पण चोर तिलाच सापडे. पहिल्यांदा मुलींनी कौतुक केलं. मग कुजबुज सुरू झाली, की ती मागून डबा उघडून चिठ्ठ्या वाचते.

तिने मला कधी हातही लावला नव्हता. पण डब्याची साक्ष कोण काढतो?

अशातच पार्वताचं मनगटी घड्याळ हरवलं. तिचे वडील खुशालराव मोठे शेतकरी. त्यांनी रेक्टरला निरोप पाठवला, की रविवारपर्यंत चोर वसतिगृहाबाहेर गेला पाहिजे. नाव त्यांनी घेतलं नाही. ते पार्वताने घेतलं.

"आधी डबा उघडते, मंग पेटी," ती म्हणाली. "तिले सारं आधीच कसं कयते?"

जमुनाची पेटी सगळ्यांदेखत उघडली गेली. दोन लुगडी, पुस्तकं, एक फोटो. घड्याळ नव्हतं. संशय मात्र तसाच राहिला. बाहेर काढलं असतं, तर तिची शाळा संपली असती.

केशरबाईंनाही तो संशय आला. उद्याच्या खेळात अत्तरदाणीची चोरी होती; शनिवारी त्यांनी एक खोटी चिठ्ठी माझ्यात सगळ्यांत वर ठेवली: 'अत्तरदाणी पोस्टमनने नेली.' कोणी डबा उघडून वाचलं, तर रविवारी पोस्टमनचंच नाव घेईल. त्या चिठ्ठीचं वजन मला दगडाएवढं वाटलं.

रविवारी खेळात सगळ्याजणी विचारत राहिल्या, घरात कोण कोण आलं होतं. जमुनाने विचारलं, कुंड्यांमधली माती ओली आहे का? ती कोरडी होती. सकाळभर झाडांना पाणी घालत होतो म्हणणारा माळी खोटा ठरला, चोर सापडला. पोस्टमनचं नावही तिने घेतलं नाही. केशरबाई खाली बघत राहिल्या.

मग जमुना पार्वताकडे वळली. "घड्याळाले शेवटची चावी कवा देली?"

आठवडाभरात हे कोणीच विचारलं नव्हतं. पार्वता आठवू लागली. बुधवारी दिली होती. कुठे? न्हाणीपाशी, केस धुवायला बसताना. भिजू नये म्हणून मग ते... ती उठून धावली. घड्याळ शिकेकाईच्या पिशवीत होतं.

मुली पांगल्यावर केशरबाईंनी जमुनाला खोट्या चिठ्ठीची गोष्ट कबूल केली. जमुनाने चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली.

"मले इचारलं असतं, तं मी सांगतलं असतं, बाई."

त्यानंतर ती खेळात बसली नाही. बाईंनीही पुन्हा तो मांडला नाही.

मित्रांनो, माझं काय, मी पत्राच. गंजलो तरी चालतं. माणसाला मात्र आधी समोर बसवून विचारा, पेटी नंतर उघडा.

पार्वता लग्न होऊन अकोल्याला गेली. तिच्या मुली वसतिगृहात राहिल्या तेव्हा ती दर महिन्याला त्यांना न विचारता त्यांच्या पेट्या तपासायची, असं ऐकलं. जमुना ग्रामसेविका झाली, तेल्हारा तालुक्यात घरोघर जाऊन बायकांना त्यांच्या अडचणी विचारत हिंडली. केशरबाई निवृत्त होऊन मोझरीला राहिल्या. जाण्याआधी त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या, आणि माझ्यात बटणं भरली.