बर्फात उतरलेला चेहरा

रोदोपीच्या डोंगरातल्या त्या गावात लग्नं थंडीतच होतात. नवरीचा चेहरा पांढऱ्या क्रीमने भिंतीसारखा लिंपतात, वर रंगीत टिकल्या चिकटवतात. इमामाची दुआ होईपर्यंत तिनं डोळे उघडायचे नाहीत. उघडले तर संसाराला दृष्ट लागते म्हणे.

नेफीसे डोळे मिटून पडली होती. रेफिये आत्या लिंपत होती.

"आत्या, हे नेहमीचं नाही. वास वेगळा येतोय."

"शहरातलं आहे, उजळ करणारं. तोंड हलवू नको, टिकल्या सरकतात."

"परवा कानामागे लावून पाहिलंस, ते हेच ना? तेव्हा पुरळ आलं होतं गं."

"लग्नाच्या धास्तीनं येतं. मला तर बसता येईना अशा जागी आलं होतं!"

बायका खिदळल्या. पुरळ राहिलं बाजूला.

ढोल-सनई सुरू झाली. दोघींनी दंडाला धरून तिला अंगणात डोलवत नेलं. आधी गाल कोमट झाले. मग पापण्यांआड तंबाखूची शेतं पेटली, निवांत, धूर न करता. तिला वाटलं, आपण वर तरंगतोय आणि खाली पांढऱ्या डोंगरावर एक घर जळतंय. घराला दार नाही. ढोल त्या घराच्या आतच वाजतोय.

"काय सजलीय! बाहुलीच!" कुणीतरी म्हणालं.

बाहुलीची आग होत नाही.

"इमाम कुठंय?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"खालच्या आळीतल्या लग्नात जेवायला बसलेत. येतील."

पापण्या जड होत होत्या, फुगत होत्या. आणखी थांबलं तर दुआ होईल, पण डोळे उघडणार नाहीत, हे तिला कळलं. तिनं दंड सोडवले, डोळे उघडले. फटीतून सगळं गाव टिकल्यांसारखं चमकलं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं तोंड बर्फात खुपसलं.

"अपशकुन!" सासू किंचाळली.

नवरा रेजेप धावत आला. "आई, दूध आण. गार."

"अरे, दुआ व्हायचीय!"

"दुआ थांबेल. तिचं तोंड भाजतंय!"

सासू पुटपुटत गेली, दूध घेऊन आली. त्यानं रुमाल दुधात बुडवून तिचा चेहरा पुसला.

"कशी दिसते मी?"

"उकडलेल्या बिटासारखी."

ती हसली. हसताना गाल चरचरला, तरी हसली.

बर्फात तिचा पांढरा चेहरा उतरला होता, टिकल्यांसकट. बायका अजून त्याच्याभोवतीच उभ्या होत्या. तो बिचारा गुणी पोरीसारखा डोळे मिटून होता.