गेस्टचा गृहपाठ

जपानमध्ये, फुनाबोरीत येऊन आम्हाला आठ महिने झाले होते आणि अनयाच्या बालवाडीतलं एकही मूल अजून आमच्या घरी आलं नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटतं की नाही, हे मी रोज तिच्या तोंडाकडे बघून ताडत बसायचे. शेवटी एक लबाडी केली.

बाईंनी मला वर्गात एक इंग्रजी शब्द शिकवायला बोलावलं होतं. ॲपल, डॉग, असलं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार. मी 'गेस्ट' निवडला.

"गेस्ट म्हणजे जो दुसऱ्याच्या घरी जातो, खातो, खेळतो, पसारा करतो," मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं. "शब्द नुसता पाठ करायचा नाही, वापरायचा. हाच गृहपाठ."

"कुणाच्या घरी?" मोरिता-सानच्या मुलीने, युकाने विचारलं.

"अनयाच्या चालेल."

संध्याकाळी माझा नवरा नचिकेत कावासाकीच्या ऑफिसातून आला. सगळं ऐकून म्हणाला, "पुण्याची असून पाहुणे मागवतेस? माहेरी कळवू का?"

तीन दिवस कुणी फिरकलं नाही. शंकरपाळे आम्हीच संपवले. चौथ्या दिवशी फोन वाजला.

बालवाडीचे निरोप फोनच्या साखळीने यायचे. यादीतली एक आई पुढचीला सांगणार, ती तिच्या पुढचीला. आम्ही नवीन, म्हणून शेवटी. माझ्या आधीच्या मोरिता-सान कागदावरून वाचत होत्या, "उद्या तीन वाजता सर्व अकरा मुलं गेस्टच्या गृहपाठासाठी अनया-चानच्या घरी जातील. चार वाजता परत. आपल्याही मुलीला वेळेवर पाठवावं."

"मोरिता-सान, अनया माझीच."

पलीकडे कागद सळसळला. "हो. पण निरोप असाच आहे."

शेवटच्या आईने पहिलीला उलट फोन करायचा, असा नियम होता. केला. अनयाला उद्या तीन वाजता आमच्या घरी पाठवते, म्हणून कळवलं. त्यांनी मनापासून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला अनया बूट घालून खाली गेली. बरोबर तीनला बेल वाजली. दारात अकरा जण यादीच्या क्रमाने उभे, अनया शेवटी.

"अगं, तू तरी आत ये."

"आई, असं नाही," ती कुजबुजली. "मी पण गेस्ट आहे. नीट बोलव."

मी सगळ्यांना नीट बोलावलं. बूट ओळीत लागले, नव्याने तळलेले शंकरपाळे संपले. मग युका अदबीने माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पसारा कुठे करायचा?"

मी उत्तर देण्याआधीच अनयाने माझं कपाट उघडलं होतं.