लाल रेघेखालचा ढीग

आमच्या वखारीतली मांजर आत्याच्या खुर्चीवर झोपायची. गादीवाली खुर्ची आहे ती, आणि तिच्यावरून मांजरीला उठवायची हिंमत फक्त आत्यात आहे. पण कडाक्याची थंडी पडली त्या आठवड्यात रोज सकाळी खुर्ची रिकामी दिसायला लागली. मांजर असायची बाहेर, लाकडाच्या चुऱ्याच्या ढिगावर, अगदी माथ्यावर, चारी पाय पोटाखाली घेऊन. भर धुक्यात. आता गादी सोडून कोणी उघड्यावर जाऊन झोपतं का?

मी बाबांना विचारलं. बाबा लोडरच्या काचेवरचं दव पुसत होते.

"तिलाच विचार की," ते म्हणाले.

वखार आत्याची आहे. लोकांना नको झालेलं लाकूड आमच्याकडे येतं. मोडकी पॅलेटं, फळांची खोकी, कुजलेल्या चौकटी, पाय गेलेली टेबलं, वादळात पडलेल्या फांद्या. खिळे आणि बिजागऱ्या काढून सगळं चक्कीत जातं. चक्की म्हणजे एक धूड आहे, ते अख्खं टेबल चावून त्याचा चुरा थुंकतं. तो चुरा कागदाच्या गिरणीत भट्टीसाठी जातो. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, ते लोडर, म्हणजे पुढे मोठी बकेट असलेली गाडी, चालवतात. आणि मी? आत्या मला चौकशी खिडकी म्हणते. फरक एवढाच, की इथे खिडकीच लोकांना प्रश्न विचारते.

मागच्या वर्षापर्यंत असं नव्हतं. माझे प्रश्न ओठांपर्यंत यायचे आणि तिथूनच घरी परत जायचे. मग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझी जोडीदारीण आजारी पडली आणि अख्ख्या हॉलसमोर मला एकटीला बोलावं लागलं. मेले नाही. उलट मजा आली. तेव्हापासून बाबा म्हणतात, हिच्या तोंडाचं बूच हरवलंय, कोणाला सापडलं तर आणून द्या.

पण त्या आठवड्यात माझ्या प्रश्नांना कोणाला वेळ नव्हता. सगळ्यांच्या जिभेवर एकच विषय, मॅडम येणार.

मॅडम अग्निशमन खात्याच्या. टाकाऊ लाकडाच्या वखारी नियमात बसतात की नाही ते बघायला येतात. अंगाने काडी, आवाज शांत. चहा दिला की घेतात आणि चहाआधी जे बोलल्या तेच चहानंतर बोलतात, त्यामुळे आत्याला त्यांची फार भीती वाटते. मागच्या वेळी त्यांनी टेप लावून आमचा ढीग मोजला. म्हणाल्या, फार उंच आहे, पेटला तर पाणी माथ्यावर पोचणार नाही. मग कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगाची आडवी रेघ मारून घेतली. ढीग या रेघेखाली हवा. ढीग आणि भिंत यांच्यामध्ये बंबाची गाडी जाईल एवढा रस्ता हवा. पुढच्या खेपेला असं दिसलं नाही, तर गेटला सील.

"सील लागलं की गिरणी दुसऱ्या वखारीकडे वळणार," आत्या रात्री जेवताना म्हणाली. "आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक परत वळत नाही. हातगाडीवर लाकडं गोळा करण्यापासून उभं केलंय मी हे. परत हातगाडी ओढायची आता गुडघ्यांत ताकद नाही."

आत्या गुडघ्यांबद्दल कधी बोलत नाही. म्हणून मला कळलं की ती खरंच घाबरलीय.

पंचाईत अशी होती, की गिरणीची भट्टी दुरुस्तीला काढली होती. चुरा बाहेर जातच नव्हता आणि लाकूड मात्र येतच होतं. मग ढीग खाली आणायचा कसा? तोड बाबांनी काढली. त्यांनी लोडर थेट ढिगावर चढवला. वर गेले, खाली आले, परत वर, परत खाली. पावसाळ्यात रजया ट्रंकेत कोंबून वर बसतात ना, तसं. आठवडाभर दाबदाबून ढीग बुटका आणि रुंद झाला, वरून चालताना डांबरी रस्ता वाटावा इतका टणक. रेघेच्या चांगला वीतभर खाली. आत्या इतकी खूश झाली की तिने बाबांना एक दुपार स्वतःच्या खुर्चीवर बसू दिलं. शिवाय ती रोज संध्याकाळी नळी लावून ढिगावर पाणी मारायची. धूळ बसते आणि थंडही राहतो, म्हणायची.

मॅडम यायच्या होत्या त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी मी मांजरीपाशी चढले आणि तिच्या शेजारी बसून बघितलं.

बूड गरम झालं.

"बाबा, ढीग गरम आहे."

"उन्हाने तापला असेल."

"कुठलं ऊन? समोरची चक्की दिसत नाहीये धुक्यात."

"मग मांजरीने तापवला असेल. उतर खाली, मॅडम आल्या तर म्हणतील पोरं खेळायला ठेवलीत."

मी उतरले, पण लोखंडी सळई आणि हातोडी घेऊन परत चढले. वासही वेगळा येत होता, आंबलेला, आणि त्यात मागे कुठेतरी लागलेल्या दुधासारखा. आधी मी कडेला सळई खुपसली. तिथे लोडर पोचला नव्हता, चुरा मोकळा होता, सळई लोण्यात सुरी जावी तशी गेली. थोडा वेळ ठेवून काढली तर गार. मग मांजर बसते तिथे. तिथे हातोडीने ठोकावी लागली. ठोकून, खाली जाऊन दात घासून आले आणि उपसली. उपसली म्हणजे उपसून फेकूनच दिली, कारण टोकाला हात लागला होता.

बोट तोंडात घालून मी उभी राहिले, आणि खरं सांगते, दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं. इथे पाणी मारलंय. इथे आग नाही, काडी नाही, काही नाही. मग हे तापवतंय कोण? मी आणखी तीन-चार ठिकाणी ठोकून बघितलं. जिथे चुरा मोकळा, तिथे गार. जिथे बाबांनी दाबलाय, तिथे गरम, आणि जितका जास्त दाबलाय तितका जास्त. सळईच्या टोकाला काळपट, ओला लगदा चिकटून यायचा.

मी सळई तशीच आत्याकडे नेली. तिने टोकाला हात लावला आणि काढून घेतला. मग पुन्हा लावला, जणू पहिल्यांदा सळईच खोटं बोलली असावी.

"कुठून काढलीस?"

मी दाखवलं. बाबा पळत आले आणि त्यांनी सळई बघितली, मला बघितलं, गेटकडे बघितलं.

"आत्ता उकरून काढतो," ते म्हणाले. "मॅडम यायच्या आत गरम भाग बाजूला करून टाकू."

लोडरची पहिली बकेट निघाली ती वाफेसकट, मोदकपात्राचं झाकण काढल्यासारखी. दुसऱ्या बकेटीतला चुरा चहापत्तीसारखा काळा होता. तिसरी उचलली आणि खड्ड्यातून पांढरा धूर यायला लागला. मी वाकून बघितलं तर तळाशी एक ठिपका लालसर व्हायचा, विझायचा, परत लालसर व्हायचा. वाऱ्याची झुळूक आली की जास्त.

"थांब," आत्या म्हणाली. "हवा लागतेय त्याला. माती घाल, ओली माती. पटकन."

बाबांनी कुंपणालगतची ओली माती आणून खड्डा बुजवला. धूर थांबला. ढीग पुन्हा तसाच, शहाण्यासारखा, रेघेखाली बसला.

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

"ताई, ऐक," बाबा हळू आवाजात म्हणाले. "रेघेच्या खाली आहे. रस्ता मोकळा आहे. मॅडम मोजतील, शिक्का मारतील, जातील. मग दुपारी आपण सावकाश बघू."

"आणि पेटला तर?"

"इतके दिवस नाही पेटला."

"इतके दिवस आपण झाकण उघडलं नव्हतं."

"सांगितलंस तर सील लागेल, ताई."

आत्या माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "खिडकी बंद. मॅडम असेपर्यंत एक अक्षर नाही." मला इतका राग आला की माझ्या डोक्याचा तापही सळईने मोजता आला असता.

मॅडम आल्या. चहा घेतला. टेप लावला, ढिगाच्या चारी बाजूंनी फिरल्या, रस्त्याची रुंदी बघितली. मांजर त्यांच्या पायांत आली तर तिच्याभोवतीने गेल्या. मी ओठ मिटून उभी. बाबा लोडरच्या चाकाला टेकून, तेच लोडरला धरून ठेवतायत असे.

"चांगलं काम केलंत," मॅडम म्हणाल्या. "एवढं नीट कोणी करत नाही." आणि त्यांनी पिशवीतून शिक्का काढला.

आत्या शिक्क्याकडे बघत होती. तिला तो किती हवा होता ते मला दिसत होतं. तिने पदराने कपाळ पुसलं, एवढ्या थंडीत.

"मॅडम, जरा थांबा," ती म्हणाली. "नंतर शिक्का माराल की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. खिडके, तुझी सळई आण आणि काय बघितलंस ते सगळं सांग."

मी सांगितलं. एका दमात, मांजरीपासून. मॅडमनी स्वतः सळई ठोकली, काढली आणि हाताची उलटी बाजू जवळ नेऊन बघितली. मग बुजवलेल्या खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसून वास घेतला. शिक्का पिशवीत गेला आणि फोन बाहेर आला. बंब मागवल्यावर त्यांनी विचारलं, "उंची कशी कमी केलीत?"

"दाबून," आत्या म्हणाली. बाबा चाकाकडे बघत राहिले.

"पण मॅडम, पाणी मारूनही तापतो कसा?" मी विचारलं. खिडकी आता उघडली होती.

"पाणी वरच्याच थरात मुरतं, आत पोचत नाही. आतलं मुळातच ओलसर लाकूड कुजतं, आणि कुजताना ऊब सोडतं. मोकळा ढीग असेल तर ती ऊब वाऱ्यावर निघून जाते. दाबलेल्या ढिगातून जायला वाटच नाही. मग साठत राहते."

"मग नियमात दाबू नका असं का नाही?"

मॅडमनी भिंतीकडे बघितलं. "नियमात उंची आहे," त्या म्हणाल्या, "ती रेघ मीच मारायला लावली."

मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. मोठी माणसं असं सहसा म्हणत नाहीत.

बंब आला आणि मग दुपार कुठे गेली कळलंच नाही. बाबा एक-एक बकेट काढायचे, बंबवाले तिच्यावर पाणी सोडायचे, मग आम्ही फावड्याने तो चुरा जमिनीवर पातळ पसरायचो, पापड वाळत घालतात तसा. अंगण भरलं, चक्कीभोवतीची जागा भरली.

"आता फक्त बंबाचा रस्ता उरलाय," आत्या म्हणाली. "त्यावर पसरू? तो तर तुमच्या गाडीचा."

"गाडी आलीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पसरा."

ढिगाच्या पोटात टेबलाएवढा निखारा निघाला. तो विझताना असा फुसकारला की बाबा लोडरमधून उतरून लांब जाऊन उभे राहिले. "आज दुपारी सावकाश बघणार होतो मी," ते आत्याला म्हणाले. आत्याने त्यांना काही ऐकवलं नाही. त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, बस.

अख्खी वखार वाफाळत होती तेव्हा मॅडमनी निकाल सांगितला. शिक्का नाही. सीलही नाही. पण हा चुरा गार होऊन बाहेर जाईपर्यंत आत एक फळीसुद्धा यायची नाही. बाहेर जाणारं चालू, आत येणारं बंद.

आत्याने मान हलवली. अर्धं गेट म्हणजे अर्धीच कमाई, पण ते गेट तिच्याच हातात राहिलं होतं. "गिरणीला मी आजच फोन करते," ती म्हणाली. "भट्टी कधी लागते ते विचारते."

मॅडम गेटपर्यंत गेल्या आणि थांबल्या. समोरच्या रस्त्यावर ओळीने वखारी होत्या, प्रत्येकीच्या भिंतीवर तशीच लाल रेघ.

"बाकीच्यांनी उंची कशी कमी केली?"

बाबा खोकले. आत्याने त्यांच्याकडे वळून बघितलं.

"मीच दाखवलं त्यांना," बाबा म्हणाले. "लोडरही दिला होता. दोघांना. नाही, तिघांना."

आत्या डोळे मिटून उभी राहिली. मॅडमनी बंबवाल्यांना हाक मारली, नळ्या गुंडाळा, पुढच्या गेटला जायचंय. मी सळई खांद्यावर टाकली. कोणी चल म्हटलं नव्हतं, पण थांब असंही म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात एक टेम्पो आमच्या गेटात वळला, जुन्या कपाटांनी काठोकाठ भरलेला. आत्या आडवी उभी राहिली. आत्याने कधी कोणाला परत पाठवलेलं मी बघितलं नव्हतं.

"परत ने," ती म्हणाली.

ड्रायव्हर हसला. "काय मावशी, सकाळपासून बोहनी नाही, थट्टा नका करू."

"थट्टा नाही. आत घेता येत नाही."

"बरं, मग पलीकडे टाकतो."

"तिथेही नको. आम्ही तिथेच निघालोय."

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. आत्या मातीने माखलेली, मॅडमचे गुडघे ओले, बाबांच्या तोंडाला काजळी, माझ्या हातात सळई आणि मागे बंब.

"मग एवढं लाकूड लोकांनी टाकायचं तरी कुठे?" त्याने विचारलं.

आत्याने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आत्याकडे. आत्याला उत्तर येत नाही असा प्रश्न मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला वाईट याचं वाटलं, की तो मी विचारला नव्हता.