अंदाजे एकशेचाळीस

२० (नुसता बार)

सोळा वर्षांनी नागेंद्र खांद्यावर बार घेऊन खाली बसला. वर येताना गुडघ्यांतून असा आवाज आला की कोपऱ्यात झाडू मारणारी मनुबाई थांबली.

"पापड खातायसा व्हय, दादा?"

४०

कारण एक भिंत.

अनगोळातल्या त्या व्यायामशाळेच्या भिंतीवर नावं होती आणि नावांपुढं स्क्वॉटचे आकडे. चौथ्या ओळीत: नागेंद्र परशराम, १४०. बावीस वर्षांपूर्वी रंगवलेलं. त्यानंतर नागेंद्रला नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुली झाल्या, ढेरी आली. पण यातल्या कशासाठीही कुणी त्याचं नाव भिंतीवर लिहिलं नव्हतं.

आता व्यायामशाळेला पंचवीस वर्षं होणार, भिंत नव्यानं रंगणार. अध्यक्ष आण्णाप्पानं नियम काढला: जुन्यांनी आपला आकडा परत करून दाखवायचा, नाहीतर नाव पुसायचं.

"आणि तुझे एकशेऐंशी, आण्णा?"

"मी अध्यक्ष हाय रं, नाग्या."

६०
६०
६०

तीन आठवडे साठच. नागेंद्र घराचा जिना उलटा उतरू लागला. त्याची बायको प्रियदर्शनी सांबऱ्याच्या शाळेत शिकवते, तिला निरीक्षणाची सवय. "चढताना माणूस, उतरताना खेकडा," ती म्हणाली. "भिंतीवर नावच पायजे तर आपलं घर रंगवू. मी लिहिते."

१००

इथं शेंगदाण्याची चिक्की बंद झाली आणि उकडलेली अंडी सुरू झाली. नागेंद्र लोकांना न विचारता सल्ले देऊ लागला.

१२७.५

पाचवा महिना. नव्या, रबर चढवलेल्या, पुण्याहून आणलेल्या प्लेटांवर एकशे साडेसत्तावीस कसेबसे आले. एकशेतीस येईनात.

पहिल्या आठवड्यात नाही आले: बूट घसरले.
दुसऱ्या: शिंक.
तिसऱ्या: आदल्या दिवशी खानापूरला पाहुण्यांकडं जेवण.
चौथ्या: कुणीतरी बघत होतं.
पाचव्या: कुणीच बघत नव्हतं.

१४० (फ्लेक्सवर)

फ्लेक्स मात्र लागला. कार्यक्रम रविवारी होता. फ्लेक्सवाला गुरुवारीच मोकळा होता. मित्रांनी वाट कशाला बघायची? वर सरकारी नियमाप्रमाणे कन्नड, खाली मराठी:

'अनगोळचा ढाण्या वाघ! वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी १४० किलो स्क्वॉट केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

खाली सतरा शुभेच्छुकांचे फोटो. नागेंद्रचा फोटो लग्नातला, फेटा तसाच ठेवलेला.

शुक्रवारी सकाळी भाजी घेताना दोघांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्यानं ते स्वीकारलं.

१४० (जुन्या प्लेटांवर)

शुक्रवारी संध्याकाळी व्यायामशाळेत तो एकटाच. मनुबाई झाडत होती. कोपऱ्यात जुन्या लोखंडी प्लेटा पडल्या होत्या, आठ. त्यातली एक तिनं पायानं सरकवून दाराला टेकवली, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

या प्लेटांवर आपण तरुण होतो, नागेंद्रच्या मनात आलं. असलं मनात आलं की माणसानं घरी जावं. तो गेला नाही. त्यानं सगळ्यात जाड दिसणाऱ्या सहा निवडून बारात घातल्या. सहा वीसा एकशेवीस, बार वीस. खाली बसला.

वर आला.

वर आला! ओरडला. मनुबाईनं झाडू खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग म्हणाली, "त्या जुन्या हलक्या हाईत म्हणून आलं आसंल."

"हलक्या कशा? वीस लिहिलंय की वर."

"लिहिलंय व्हय? मला वाचाय येत न्हाय. मी उचलून ठेवती रोज. सगळ्यात हलकी हाय ती दाराला लावती."

१६.६६

नागेंद्र उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तपासनीस आहे. एकोणीस वर्षं ओतीव माल मोजतो. अर्धा मिलिमीटर इकडं तिकडं झाला तर पिवळ्या खडूनं फुली मारतो. त्याच्यावर चिडलेले ओतारी त्याला 'फुलीसाहेब' म्हणतात.

शनिवारी सकाळी त्यानं आठही प्लेटा रिक्षात घालून कारखान्याच्या काट्यावर नेल्या.

नग: ८
लिहिलेलं वजन: प्रत्येकी २०
आढळलेलं: १९.४०, १८.८२, १८.२५, १७.७१, १७.१८, १६.६६, १६.१६, १५.६७
शेरा:

शेऱ्याची जागा त्यानं रिकामी सोडली. खडू हातातच राहिला. सगळ्यात जड सहा धरल्या तरी एकशेआठ. बार वीस. एकशेअठ्ठावीस.

बावीस वर्षांपूर्वीसुद्धा एकशेअठ्ठावीसच.

०

या प्लेटा ओतल्या होत्या त्याच्याच वडिलांनी. परशराम, वय चौऱ्याहत्तर, पस्तीस वर्षं ओतारी. ते टीव्हीसमोर चुरमुरे खात होते.

"अप्पा, त्या प्लेटा कशा केल्यासा?"

"कशा म्हंजे? खरी वीसाची एकच होती. कोल्हापूरच्या एका पैलवानाची, उसनी मागून आणलेली. ती वाळूत दाबली, साचा उठवला, पैली ओतली. खरी दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती."

"मग दुसरी?"

"पैलीवरनं."

"तिसरी?"

"दुसरीवरनं. ताजी जी निघंल ती. गुळगुळीत असायची."

"अप्पा, लोखंड थंड होताना आकसतं. दरवेळी साच्याचा नमुना थोडा मोठा घ्यायला लागतोय."

परशरामांनी चुरमुरे खाली ठेवले. "फुलीसाहेब, आकसतं ते तुझ्या जन्माआधीपासनं मला म्हाईत हाय. जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या लोखंडात केलेलं काम ते. त्याला कोण मापं लावतंय?"

"वर वीस लिहिलंय!"

"मी कुठं लिहिलं? साच्यात आपोआप उठत हुतं. वजन घटलं तरी आकडा तसाच उठतोय की."

१८०

प्लेटा परत कोपऱ्यात ठेवून आण्णाप्पाला त्यानं दुपारी गाठलं, भिंतीपुढं. रंगारी पांढरा हात मारत होता. नागेंद्रनं वजनांचा कागद दाखवला.

आण्णाप्पानं तो दोनदा वाचला. त्याच्या एकशेऐंशीला आठही प्लेटा लागल्या होत्या, त्यामुळं हिशेब त्याला लवकर समजला. एकशेसाठ.

"कुणाकुणाला दाखवलास?"

"तुलाच."

"हे बघ. ही सगळी भिंत त्या प्लेटांवर उभी हाय. चव्वेचाळीस माणसं. त्यातली सहा वारलेली. त्यांच्या घरी जाऊन सांगणार हाईस, तुमचा माणूस बारा किलो खोटा हुता म्हणून? पुढं वॉर्डाची निवडणूक हाय. तू काय माणूस हाईस का काटा?"

नागेंद्रनं कागदाची घडी करून खिशात घातली.

१२८

रविवार. हलगी, नारळ, मंडप. आण्णाप्पानं स्वतः जुन्या प्लेटा पुसून आणल्या. "परंपरा," माइकवर म्हणाला.

नागेंद्र खाली बसला, वर आला. टाळ्या, गुलाल, शिट्ट्या. फ्लेक्सवरचा ढाण्या वाघ खरा ठरला. रंगाऱ्यानं ब्रश बुडवला, "नागेंद्र परशराम" एवढं काढलं आणि वळून बघितलं.

"आकडा?"

सगळे थांबले. एवढ्या सहा महिन्यांत अंडी, खेकडा, शिंक, सगळं या एका आकड्यासाठी.

"एकशेअठ्ठावीस," तो म्हणाला.

रंगारी आण्णाप्पाकडं बघू लागला. पहिल्या रांगेत परशराम, गळ्यात हार, छताकडं बघू लागले.

आण्णाप्पानं माइक ओढला. "बघा! बघा ह्याला म्हणत्यात नम्रपणा! डोळ्यांदेखत एकशेचाळीस उचलला आणि सांगतोय किती, तर एकशेअठ्ठावीस! आजकालच्या पोरांनी शिकावं!"

पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या. प्रियदर्शनीसुद्धा वाजवत होती. रंगाऱ्यानं १४० काढलं, शून्य अगदी सुबक.

१३०

सोमवारी कोपरा रिकामा होता.

"आण्णा टेम्पोत घालून घेऊन गेलं," मनुबाई म्हणाली. "भंगारात. दाराला आता वीट लावली मी."

नागेंद्रनं पुण्याच्या प्लेटा लावल्या. एकशेतीस. तपासून लावल्या, शनिवारी दुसऱ्या खेपेत प्रत्येक स्वतः काट्यावर घातलेली. श्वास भरला, खाली गेला. खालीच राहतो की काय असं वाटेपर्यंत थांबला. मग पाठीतून, मांड्यांतून, कुठून कुठून एकेक बोट वर येत सरळ उभा राहिला.

बावीस वर्षांपूर्वीच्या नागेंद्रपेक्षा दोन किलो जास्त. गुलाल नाही, हलगी नाही. त्यानं बार ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि एकटाच हसू लागला.

दारात आण्णाप्पा उभा होता, किल्ल्या फिरवत.

"किती घातलावतास?"

"एकशेतीस."

आण्णाप्पानं भिंतीकडं बघितलं. रंग अजून ओला होता. मग नागेंद्रच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली.

"काल एकशेचाळीस हुतं की रं. एका दिवसात धा किलो घटलास. जप, नाग्या. वय झालं आता."