वारं नेमकं कुणाचं

बनुबाईनं अंगठ्याला शाई लावून घेतली होती. अंगठा कागदाच्या वीतभर वर होता, आणि नेमकं तेव्हाच कंपनीची वकीलबाई संयोगिता हिनं करार मोठ्यानं वाचून दाखवायला घेतला. अंगठा आधी आणि वाचन मागून, असं झालं असतं तर सगळे जेवायला घरी पोचले असते.

"'सदर जमिनीवर येणाऱ्या वाऱ्यावर तीस वर्षे संपूर्ण हक्क कंपनीचा राहील...'"

"थांब, थांब बाय," बनुबाई म्हणाली. अंगठा वरच. "कुनाच्या वाऱ्यावर?"

"या माळावर येणाऱ्या."

"या माळावर वारं मला येतं. दर मंगळवारी. माज्या आदी माज्या सासूला यायचं. कंपनीला कवापासनं याया लागलं?"

वडूजच्या पलीकडचा तो माळ. पवनचक्क्यांची रांग तिथं उभी राहायची होती आणि पहिली चक्की बनुबाईच्या रानात. बनुबाई माळजाईची भगतीण. देवीचं वारं अंगात आलं की हरवलेल्या शेळीपासून अडलेल्या सोयरिकीपर्यंत सगळ्यांचा निकाल ती तिथल्या तिथं लावायची. तारीख पे तारीख हा प्रकार तिच्या दरबारात नव्हता.

कंपनीचा जयराज संयोगिताच्या कानाशी आला. "मॅडम, वीज आयोगानं मुदत एकदा वाढवून दिलीय, परत देणार नाही. आज हे झालं नाही तर हेड ऑफिस फाईल पुण्याच्या वकिलाकडे नेणार. मला तसं स्पष्ट सांगितलंय."

संयोगिताच्या वडिलांनी, आण्णांनी, सांगलीत बसून या पट्ट्यातल्या कितीतरी पवनचक्क्यांचे कागद केले होते. फाल्गुनात आण्णा गेले. मग फायली एकेक करून पुण्याला गेल्या. ही एक उरली होती. ही गेली की ऑफिस उघडायला कारण उरणार नव्हतं.

"वकीलसायबांच्या कागदात वारं नसायचं," बनुबाईचे दीर नानासो म्हणाले. ते फौजेतून सुभेदार होऊन परतले होते आणि अजून ताठ बसत. "माज्या रानाचा कागद त्यांनीच केला. त्यात 'वाहती हवा' हाय."

संयोगिताला ते ठाऊक होतं. आण्णांचा मसुदा समोर ठेवूनच तिनं हा केला होता. 'वाहती हवा' तिला बोजड वाटली, म्हणून तिनं ती काढून चांगल्या मराठीत 'वारा' घातला होता. आता तिनं पेन काढलं, 'वारा' खोडला आणि वर दोन शब्द लिहिले. लिहायला जरा वेळ लागला.

"नाव बदललं म्हंजी वारं बदलतंय व्हय?" बनुबाई म्हणाली. "जावयाला सायेब म्हटलं म्हनून त्यो कामाला लागतोय का? आन् वारं माजं न्हाईच. देवीचं हाय. मी कोन अंगठा देनार? तिला इचारा."

दिवस मंगळवारचाच होता. नानासोंनी हलगी काढली, कापूर पेटला, बनुबाईनं केस मोकळे सोडले आणि बघता बघता ती घुमायला लागली. 'हेड ऑफिसला उशिराचं कारण दाखवायला' म्हणून जयराजनं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

"मॅडम, आत्ता!" तो कुजबुजला. "देवीच मालक ना? आत्ताच अंगठा टेकवून घ्या."

"चालणार नाही. करार करताना माणूस भानावर लागतो. कायदाच आहे तसा."

"अहो, भानावर असते तेव्हा म्हणते मला हक्क नाही. हक्क असतो तेव्हा भानावर नसते!"

"बरोबर."

"मग मी काय करू?"

"कोन कुजबुजतंय रं?" देवी गरजली.

जयराजनं मोबाईलसकट हात जोडले. "मी, आई. कंपनीकडनं."

"माज्या जत्रंला तुजा पंखा फिरायचा न्हाई. एका माळावर दोगांनी घुमायचं न्हाई."

"आई, तसं बंद नाही करता येत. वाऱ्याची वीज नियमानं 'मस्ट रन' असते!"

"काय म्हनतंय ह्यो?"

"पळालंच पायजे म्हनतोय," नानासोंनी भाषांतर केलं.

"मग पळ!"

जयराज खरंच चार पावलं पळाला. नानासोंनी "थम!" म्हटल्यावर उभा राहिला.

देवीनं मान फिरवली. "तू गं, चष्म्याची. मनात हाय ते इचार."

हलगी थांबली. संयोगिताच्या मनात एकच प्रश्न होता, आण्णांना विचारायचा राहिलेला, आणि त्याचा विजेशी काही संबंध नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जत्रा किती दिवस असते, आई?"

देवी तिच्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "दोन. चैत्रात."

संयोगितानं जयराजला बाजूला घेतलं. "देखभालीसाठी वर्षातून पवनचक्की बंद ठेवता ना?"

"ठेवावीच लागते."

"कधी?"

"वारा नसतो तेव्हा. आषाढात कोण ठेवील? चैत्रात वगैरे, पंखे जांभया देत असतात तेव्हा..." जयराजचं तोंड उघडंच राहिलं.

"मग कलमात लिहू. वार्षिक देखभाल, माळजाई जत्रेचे दोन दिवस," ती मोठ्यानं म्हणाली.

देवीनं "मान्य!" म्हणून आरोळी ठोकली आणि बनुबाई घोंगडीवर बसली. पाणी प्याली, पदर सारखा केला. "काय म्हनली देवी?"

"हो म्हनली, वयनी," नानासो म्हणाले. "जत्रंला पंखा बंद."

"तुमचा काय भरोसा, भावजी? पाटाच्या पान्याची पाळी बी तुमी खोटी सांगता."

मग जयराजनं मोबाईल पुढं केला. बनुबाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःला घुमताना पाहिलं. बराच वेळ ती पाहत होती.

"ही म्हातारी लय वरडती," ती म्हणाली. मग आतून 'मान्य!' अशी आरोळी आली तशी ती चपापली, पदर डोक्यावर घेतला, आणि कुणी अडवायच्या आत करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन मोबाईलच्या काचेला लावलं. नेमका त्याच वेळी हेड ऑफिसचा फोन आला. मोबाईल थरथरायला लागला.

"आली! परत आली!" म्हणत बनुबाईनं दंडवत घातला.

"उचला की," संयोगिता म्हणाली.

"कुंकवावरनं बोट कसं फिरवू?" जयराज रडकुंडीला आला.

फोन वाजून वाजून थांबला. बनुबाई उठली. संयोगितानं तिला विचारलं, "मावशी, आता भानावर आहात ना?"

"मी कायम भानावर असती. येडी ती हाय," मोबाईलकडं बोट दाखवत ती म्हणाली आणि तिनं अंगठा टेकवला.

आठवड्यानं जयराजचा सांगलीला फोन आला. "मॅडम, करार मंजूर. साहेबांची एकच शंका आहे. देखभालीच्या कलमात माळजाई म्हणून आहे, ती कुठली एजन्सी? अनुभव किती?"

"स्थानिक आहे म्हणावं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर काम करते."

"तेच सांगितलं मी. खूश झाले. म्हणाले, पुढच्या सगळ्या चक्क्या त्यांच्याकडेच द्या."

"माळजाईकडे?"

"देखभाल माळजाईकडे, कागद तुमच्याकडे. पण मॅडम, देवीचं पॅन कार्ड कुठनं आणू?"